जनावरांचा डॉक्टर आणि हवेचं चाक

आपल्याकडे ‘डनलॉप’ म्हटलं की लोकांना आधी गादी आठवते. हॉस्टेलात ज्याच्या कॉटवर डनलॉपची गादी तो श्रीमंत, बाकीचे आपले कापसाच्या गुठळ्यांवर. कुणाला टेनिसचा बॉल आठवेल, कुणाला आजोबांच्या सायकलचं टायर. पण जॉन बॉइड डनलॉप नावाचा एक खराखुरा माणूस होता आणि तो ना इंजिनिअर होता ना रबराचा व्यापारी. तो होता गाई-घोड्यांचा डॉक्टर. फोमची गादी कंपनीच्या माणसांनी १९२९ च्या सुमारास शोधली, तेव्हा डनलॉपला जाऊन आठ वर्षं झाली होती. त्याचं स्वतःचं काम वेगळंच. चाकावरचं वजन लाकडावर नाही, लोखंडावर नाही, भरीव रबरावरही नाही, तर कोंडलेल्या हवेवर तोलायचं, हे त्याने करून दाखवलं आणि रस्त्यावर चालवून दाखवलं. आज विरारपासून मुलुंडपर्यंत जेवढ्या रिक्षा, बेस्टच्या बस आणि पाण्याचे टँकर धावतात ते सगळे त्या हवेवर धावतात.

डनलॉपचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, स्कॉटलंडमधल्या एअरशायर भागातल्या ड्रेगहॉर्न गावचा. घर शेतकऱ्याचं. एडिंबराला जाऊन त्याने पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं, जवळजवळ दहा वर्षं आपल्याच भागात प्रॅक्टिस केली आणि १८६७ मध्ये समुद्र ओलांडून आयर्लंडला गेला. आधी डाउनपॅट्रिक गावात भावाबरोबर दवाखाना, मग बेलफास्ट शहरात स्वतःचं मोठं बस्तान. त्या काळी शहराची सगळी वाहतूक घोड्यांवर चालायची, त्यामुळे घोड्यांच्या डॉक्टरला कामाची ददात नव्हती. चाळिशी उलटलेला, दाढीवाला, शांत स्वभावाचा, चांगली कमाई असलेला गृहस्थ. पुढे काही क्रांती-बिंती करेल असं त्याच्याकडे बघून कुणाला वाटलं नसतं.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. घोड्यांच्या डॉक्टरला रस्ता कळतो. खडबडीत रस्त्याने घोड्याच्या खुरांचं आणि सांध्यांचं काय होतं ते तो रोज बघतो. शिवाय दवाखान्यात रबराची नळी, रबराचं कापड, पंप या वस्तू हाताशी असतात. आपल्या वर्कशॉपच्या सरांच्या भाषेत सांगायचं तर प्रॉब्लेम आणि मटेरियल दोन्ही एकाच खोलीत होते. फक्त एक निमित्त हवं होतं. ते मुलाने पुरवलं.

१८८७ साली डनलॉपच्या नऊ-दहा वर्षांच्या मुलाकडे, जॉनीकडे, एक तीनचाकी सायकल होती. चाकांना भरीव रबराच्या पट्ट्या. बेलफास्टचे रस्ते दगडी चौकोनांचे. ज्यांनी पावसाळ्यानंतरच्या पेव्हर ब्लॉकवरून सायकल चालवली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. दात वाजतात, मनगटं दुखतात आणि पायातली निम्मी ताकद पुढे जाण्याऐवजी उडण्यात जाते. मुलाला सायकल जड जात होती.

डनलॉपने काय केलं? साधारण सोळा इंच व्यासाची लाकडी चकती घेतली. पातळ रबराची नळी करून ती चकतीच्या कडेभोवती गुंडाळली, वर कापडाचं आवरण ओढून खिळ्यांनी ठोकलं आणि फुटबॉलच्या पंपाने आत हवा भरली. मग घरामागच्या अंगणात सायकलचं भरीव रबराचं चाक आणि ही चकती दोन्ही जमिनीवरून ढकलून दिली. भरीव चाक थोडं जाऊन कलंडलं. हवेची चकती अंगण ओलांडून पलीकडच्या फाटकावर आपटून परत उडाली. झाला प्रयोग. ना लोड सेल, ना डेटा लॉगर.

मला या माणसाचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते इथे. आपण लॅबमध्ये रोलिंग रेझिस्टन्सचं प्रॅक्टिकल करतो, रीडिंग ‘जुळवतो’ आणि जर्नल सबमिट करतो. त्याने आधी दोन चाकं शेजारी ठेवून तुलना केली, मग विश्वास ठेवला. आणि कारणही सुंदर आहे. दगडावरून जाताना कडक चाक प्रत्येक उंचवट्यावर अख्खं वर चढतं आणि सायकलसकट माणसाला उचलतं. ती ऊर्जा परत मिळत नाही. हवेचं चाक त्या उंचवट्याला स्वतःत गिळतं, पुढे गेल्यावर जवळजवळ तितकीच ऊर्जा परत देतं आणि सायकल सरळ रेषेत राहते. आराम आणि वेग एकाच उपायाने मिळाले. डनलॉप निघाला होता मुलाला आराम द्यायला, वेग त्याला बोनस म्हणून मिळाला.

१८८८ च्या सुरुवातीला तीनचाकीच्या मागच्या चाकांना अशी टायर बसली आणि जॉनीने ती रस्त्यावर चालवली. डिसेंबर १८८८ मध्ये डनलॉपला पेटंट मिळालं.

आता पुढची अडचण, आणि माझ्या मते आपल्यासाठी हीच खरी गोष्ट. डनलॉपचं टायर भरीव पट्टीपेक्षा कितीतरी जाड होतं. ते तेव्हाच्या सायकलच्या फोर्कमध्ये मावेचना! नुसतं टायर बदलून भागणार नव्हतं, सायकलच बदलावी लागणार होती. मग बेलफास्टच्या एडलिन कंपनीने या टायरसाठी मुद्दाम रुंद फोर्कच्या फ्रेम बनवल्या. लोक ती फुगलेली चाकं बघून हसले. तेव्हाच्या शर्यतीच्या सायकली बारीक, सडपातळ, आणि त्यांत ही जाडजूड चाकं म्हणजे गोरागोमटा पोरगा आणि पायात गमबूट.

हसणं १८ मे १८८९ ला थांबलं. बेलफास्टच्या क्वीन्स कॉलेजच्या क्रीडा-सामन्यांत विली ह्यूम नावाचा सायकलपटू डनलॉपची टायर लावून उतरला आणि ज्या ज्या शर्यतीत उतरला ती ती जिंकला. म्हणजे हवेच्या टायरचं पहिलं मोठं यश एका कॉलेजच्या मैदानावर झालं, हे आपल्या मासिकात नोंदवून ठेवायला हरकत नाही. हरलेल्यांमध्ये डब्लिनचा कागदाचा व्यापारी हार्वी डु क्रो याची मुलं होती. बाप हुशार. मुलं हरली म्हणून रडत बसला नाही, जिंकणारं चाक कुणाचं याची चौकशी केली. त्याच वर्षी कंपनी उभी राहिली. डनलॉपने पेटंटचे हक्क कंपनीला दिले आणि बदल्यात थोडी रक्कम व काही शेअर घेतले.

आणि मग बॉम्ब पडला. १८९० मध्ये कळलं की हे पेटंट टिकणार नाही. कारण तब्बल ४५ वर्षांपूर्वी, १० डिसेंबर १८४५ ला, रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या तेवीस वर्षांच्या दुसऱ्या स्कॉटिश तरुणाने हवेच्या चाकाचं पेटंट घेऊन ठेवलं होतं. रबर लावलेल्या कॅनव्हासची नळी, बाहेरून चामड्याचं कवच. १८४७ मध्ये लंडनच्या रीजंट्स पार्कमध्ये त्याच्या चाकांची घोडागाडी लोकांनी पाहिलीही होती. पण तेव्हा सायकली नव्हत्या, मोटारी नव्हत्या, योग्य जातीचं पातळ रबर स्वस्तात मिळत नव्हतं. थॉमसन स्वतःच पुढे भरीव रबराच्या चाकांकडे वळला आणि १८७३ मध्ये वारला. लोक विसरून गेले. डनलॉपला थॉमसनचं काम माहीत नव्हतं, त्याने सगळं स्वतंत्रपणे केलं होतं. पण पेटंट ऑफिसला त्याच्याशी कर्तव्य नसतं. आधी कोण, एवढाच प्रश्न.

फायनल इयरच्या प्रोजेक्टवाल्यांनी हे भिंतीवर लिहून ठेवावं. लिटरेचर सर्व्हे म्हणजे सबमिशनसाठी जोडायची दहा पानं नव्हेत!

कंपनी मात्र बुडाली नाही, आणि त्याचं कारण पुन्हा इंजिनिअरिंगचं आहे. डनलॉपचं पहिलं टायर रिमला कायमचं चिकटवलेलं होतं. पंक्चर काढायचं म्हणजे तासन्‌तास सोलत बसायचं. १८९० मध्येच दोघांनी हा प्रश्न सोडवला. विल्यम बार्टलेटने टायरचा काठ रिमच्या कडेत अडकवायची युक्ती काढली. चार्ल्स वेल्चने टायरच्या काठात न ताणणारी तार घातली आणि रिमच्या मध्ये खोलगट भाग ठेवला. एका बाजूचा काठ त्या खोलगट भागात ढकलला की दुसरी बाजू रिमवरून बाहेर येते. आज नाक्यावरचा पंक्चरवाला दोन पट्ट्या घालून तुमच्या सायकलचं टायर काढतो, तेव्हा तो वेल्चचीच युक्ती वापरत असतो. कंपनीने दोन्ही पेटंटं विकत घेतली आणि धंदा वाचला.

डनलॉपच्या मूळ पेटंटाचं मोल संपलं तरी त्याचं नाव कंपनीला चिकटून राहिलं. तो स्वतः १८९५ च्या सुमारास कंपनीतून बाहेर पडला. लगेच पुढच्या वर्षी, १८९६ मध्ये, अर्नेस्ट हूली नावाच्या फायनान्सरने ती कंपनी ३० लाख पौंडांना घेतली आणि नव्याने शेअर काढून ५० लाख पौंडांना बाजारात आणली. ज्याच्या नावावर हा व्यवहार झाला त्याच्या हातात त्यातलं काहीच पडलं नाही. डनलॉप डब्लिनला राहिला, एका कापड दुकानाच्या कंपनीत लक्ष घातलं, साधं आयुष्य जगला. पुढे कंपनीने जाहिरातींत त्याचं चित्र छापलं ते उंच टोपी घातलेल्या छानछोकी माणसाचं. ते त्याला अजिबात आवडलं नाही आणि त्यावरून तो कोर्टापर्यंत गेला. पैशासाठी नाही भांडला, चुकीच्या चित्रासाठी भांडला. २३ ऑक्टोबर १९२१ ला डब्लिनमध्येच तो गेला. टायरच्या इतिहासावरचं त्याचं पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर छापून आलं.

इकडे भारतात त्याच्या नावाच्या कंपनीने १९३६ मध्ये पश्चिम बंगालच्या हुगळी जिल्ह्यात साहागंजला टायरचा कारखाना काढला, देशातला पहिला. तो पुढे बंद पडला. आपल्या उपनगरात टायर आलं ते १९५८ मध्ये, भांडुपच्या सिएटच्या कारखान्याबरोबर. आणि कुर्ल्याला प्रीमियरच्या कारखान्यात फियाट, म्हणजे नंतरची पद्मिनी, बनायची. तिच्या टायरचा नंबर होता ५.२०-१४. रुंदी ५.२० इंच, रिम १४ इंच, बस्स. काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून कायमची गेली आणि तिच्याबरोबर हा साधा नंबरही.

हे सगळं मी का वाचलं ते सांगतो. आमच्या विंगमधल्या एका मित्राच्या घरी स्विफ्ट आहे. १५ इंची रिम काढून १६ इंची अलॉय घालायचे असं त्याने ठरवलं. कुर्ल्याच्या बाजूला एका दुकानात गेलो. दुकानदाराकडे २०५/६५ आर१६ चा सेट तयार होता, किंमतही कमी. गाडी जरा उंच दिसेल, भारी दिसेल, घेऊन टाका, असा त्याचा आग्रह. मित्र खिशात हात घालणार इतक्यात आम्ही बिलाच्या मागे आकडेमोड केली. तीच इथे देतो, कारण ती कुणालाही जमेल.

टायरवर लिहिलेलं असतं १८५/६५ आर१५. पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा, टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या किती टक्के. तिसरा, रिमचा व्यास इंचांत, म्हणजे वेल्चची ती तार जिथे बसते तिथला. मधला ‘आर’ म्हणजे रेडियल, रेडियस नव्हे. (व्हायवात हे विचारतात!) आता एकूण व्यास काढा. १८५ चे ६५ टक्के म्हणजे साधारण १२० मिलिमीटर भिंत. वरची आणि खालची मिळून २४०.५. रिम १५ गुणिले २५.४, म्हणजे ३८१. एकूण ६२१.५ मिलिमीटर.

स्विफ्टच्याच काही साध्या मॉडेलना १६५/८० आर१४ टायर येत. त्याचा व्यास येतो ६१९.६. बघा, रिम एक इंचाने बदलला, पण चाकाचा एकूण व्यास दोन मिलिमीटरही बदलला नाही. हाच नियम. रिम वाढवाल तेवढी भिंत कमी करा, बाहेरचं माप तेच ठेवा. १६ इंची रिमला १९५/५५ आर१६ घेतलं तर व्यास ६२०.९. जमलं.

आणि दुकानातलं २०५/६५ आर१६? ६७२.९. म्हणजे सव्वाआठ टक्के मोठं. स्पीडोमीटर ६० दाखवेल तेव्हा गाडी खरी ६५ वर असेल. चाकाची त्रिज्या २६ मिलिमीटरने वाढली, म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर किंवा चार माणसं बसून खड्ड्यात गेल्यावर टायर आत घासणार. ब्रेकचा टॉर्क तोच, त्रिज्या जास्त, म्हणून रस्त्यावर थांबवणारं बल कमी. पिकअपही तेवढाच मार खाणार. डनलॉपचं जाड टायर फोर्कमध्ये मावलं नाही तेव्हा त्याने फ्रेम नवीन करून घेतली. आपण फ्रेम तीच ठेवतो आणि टायर कोंबतो. एकोणिसाव्या शतकातल्या गुरांच्या डॉक्टरला जे कळलं ते आपल्याला कळू नये?

पण नुसता व्यास जुळला म्हणून काम संपत नाही. मापानंतर टायरवर आणखी एक आकडा आणि अक्षर असतं, उदाहरणार्थ ८८ एच. ८८ म्हणजे ते टायर ५६० किलोपर्यंत भार घेईल, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर वेगापर्यंत. १९५/५५ आर१६ मध्ये साधारणपणे ८७ चं टायर मिळतं, म्हणजे ५४५ किलो. मूळच्यापेक्षा १५ किलो कमी. भिंत बुटकी झाली की आतली जागा बदलते, आणि डनलॉपचा मुद्दा आठवा, वजन हवा पेलते. म्हणून कंपनीने गाडीसाठी सांगितलेल्या आकड्यापेक्षा कमी भाराचं टायर घेऊ नये. त्याच मापात जास्त भाराचं मिळत असेल तर ते शोधावं, नाहीतर विचार सोडावा. जोडीला रिमची रुंदी त्या टायरला चालते का, बोल्टच्या भोकांचं अंतर तेच आहे का, आणि रिम बाहेर किंवा आत किती सरकतो, हेही पाहावं. स्टेपनी जुन्या मापाची राहणार असेल तरी व्यास जुळलेला बरा, नाहीतर पंक्चरच्या दिवशी गाडी एका बाजूला ओढेल.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १४ इंची रिमवर भिंत १३२ मिलिमीटर, १५ वर १२०, १६ वर १०७. प्रत्येक इंचाला खड्डा आणि रिम यांच्यामधली हवेची उशी सव्वा सेंटिमीटरने कमी होते. बदल्यात वळणावर गाडी जास्त आज्ञाधारक होते, हे खरं. पण जुलै महिन्यात एलबीएस मार्गावर पाण्याखाली खड्डा किती खोल आहे ते दिसत नाही. भिंत खड्ड्याची कडा आणि रिम यांच्यात चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाजूला फुगा येतो. तो फुगा मग एखाद्या दिवशी हायवेवर, घरची चार माणसं गाडीत असताना, फुटतो. दिसायला भारी काय आणि चालवायला सुरक्षित काय, यातलं एक निवडायची वेळ आली तर काय निवडायचं हे ठरवायला इंजिनिअरिंगची पदवीही लागत नाही. आमच्या मित्राने सगळा हिशोब वडिलांपुढे ठेवला. त्यांनी १५ इंची रिमच ठेवले, चार नवीन १८५/६५ आर१५ टायर घेतली आणि उरलेल्या पैशांतून व्हील अलाइनमेंट करून घेतली.

डनलॉपबद्दल वाचताना मला एक गोष्ट सारखी जाणवत राहिली. त्याला पहिलेपणाचा मान पूर्ण मिळाला नाही, कारण थॉमसन आधी होता. पैसा मिळाला नाही, कारण डु क्रो आणि हूली नंतर होते. टायर रिमवर बसवायची पद्धतसुद्धा शेवटी वेल्चची आणि बार्टलेटची टिकली. मग त्याचं उरलं काय? एका पोराला सायकल जड जाते हे त्याने पाहिलं आणि ते जड का जातं हे अंगणात दोन चाकं सोडून तपासलं. थॉमसनची कल्पना जग विसरलं होतं, डनलॉपनंतर ती परत कुणाला विसरता आली नाही. एवढं पुरेसं आहे.

सुट्टीत घरी जाल तेव्हा एक काम करा. गाडीच्या ड्रायव्हरच्या दारापाशी एक स्टिकर असतो, त्यावर टायरचं माप आणि हवा किती भरायची ते छापलेलं असतं. ते वाचा, चारही टायरवरचे नंबर त्याच्याशी ताडून बघा आणि सकाळी टायर गार असताना हवा तपासून घ्या. पाचवी स्टेपनी विसरू नका, तिच्यातली हवा कुणीच बघत नाही.

(तृतीय वर्ष, मेकॅनिकल)